कडेपाटणच्या गोष्टीला लागलेली चाळीस मिनिटं

आमची पलटण सप्टेंबरात वर चढली तेव्हा माझ्या नोकरीला पाच वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जागेचं नाव लिहीत नाही. लिहू नये असा नियम आहे आणि मी नियमाला भिणारा माणूस आहे. उत्तरेची सरहद्द, उंची साडेचौदा हजार फूट, एवढं पुरे.

माझा हुद्दा शिपाई, ट्रेड कुक. फौजेत त्याला लांगरी म्हणतात. मी घाटघरचा. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर आमचं गाव. शाळा आठवीला सुटली. आठवीवर फौजेत जी थोडी दारं उघडी होती त्यातलं एक लांगरखान्याचं. भरतीत डॉक्टरनं छाती मोजली ती फुगवून अर्धा इंच कमी भरली. तो म्हणाला, "परत श्वास घे." दुसऱ्यांदा भरली. त्या एका श्वासावर माझ्या घरी सतरा वर्षं चूल पेटली. त्यामुळे फौजेबद्दल वाकडं बोलणं मला जमत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी फौजेला बोल लावील. तो दोष फौजेचा नाही.

आमच्या कंपनीच्या चार पोस्टा होत्या. खाली बेस. तिथं कंपनी कमांडर मेजर साहेब, टेलिफोन एक्सचेंज आणि माझा लांगर. वर तीन पोस्टा, त्यात सगळ्यात उंच ती टॉप. टॉप आणि बेसच्या मध्ये एक नाला होता. नाला म्हणजे पाण्याचा नव्हे. दोन कड्यांमधली मोठी घसरण, बर्फानं भरलेली. ओलांडायला आठ-नऊ मिनिटं लागायची. सकाळी ऊन वरच्या उतारावर पडलं की बर्फ सैल व्हायचा. म्हणून ऑर्डर होती: नाला नऊच्या आत. नऊनंतर तिकडं कुणी पाय टाकायचा नाही. टॉपहून येणारी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, साडेसातला निघायची, चाळीस मिनिटांत नाल्याशी यायची आणि साडेआठच्या आत पलीकडं असायची.

माझा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. केरोसीनचे दोन स्टोव्ह, त्यातला एक रोज रुसायचा. तिथं भात उघड्या पातेल्यात शिजत नाही, कुकरच लागतो. डाळीला पाऊण तास. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा. झोपायच्या आधी स्टोव्ह बंद केलाय का ते मी दोनदा बघायचो, मग उठून तिसऱ्यांदा. जवान चेष्टा करायचे. "लांगरी, स्टोव्हला पण सॅल्यूट मार एकदा, म्हणजे झोप येईल."

पहिल्या आठवड्यात मला उंची लागली. डोकं फुटायला आलं. मी कुणाला सांगितलं नाही. आजारी लांगरी खाली पाठवतील, मग नोकरीचं काय, ही धास्ती. माझ्या हातातली परात हलताना एका माणसानं पाहिली. त्यानं परात खाली ठेवायला लावली आणि मला दंडाला धरून मेडिकलच्या तंबूत नेलं. दोन दिवस माझ्या जागी त्यानंच पुऱ्या लाटल्या. एकही गोल नव्हती.

"या काय पुऱ्या?" सुभेदार साहेब म्हणाले. "हा तर आंबेगाव तालुक्याचा नकाशा."

"साब, आंबेगावचाच हाय मी," तो माणूस म्हणाला. "दुसरा नकाशा येत न्हाई."

तो नाईक सखाराम. वय चौतीसेक, बुटका, भीमाशंकरच्या बाजूचा. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. वर उतारावर नवी वस्ती झाली, तिथं घर. मी त्यांना भाऊ म्हणायचो. आमच्या दोघांच्या गावांच्या मधे डोंगरच डोंगर, पण तिथं साडेचौदा हजार फुटांवर ते शेजारीच वाटायचे. मी त्यांना आमच्या नाणेघाटातल्या दगडी रांजणाचं सांगितलं होतं. जुन्या काळी घाट चढून आलेल्यांची जकात त्या रांजणात पडायची असं आमच्याकडं म्हणतात. त्यांनी बारीकसारीक विचारून घेतलं. केवढा उंच, झाकण होतं का, आत हात पुरतो का. ऑक्टोबर संपता संपता ते टॉपवर गेले.

नोव्हेंबरात बर्फानं वाटा बंद झाल्या. बेसपर्यंतची गाडी आणि डाक तेवढी पंधरवड्यानं कशीबशी यायची. रोज संध्याकाळी साडेपाचला सब ठीक रिपोर्ट व्हायचा. चारही पोस्टांना एकच टेलिफोन लाईन. एकजण बोलला की बाकीच्यांनी आपापला हँडसेट कानाला लावला तर सगळ्यांना ऐकू जायचं. बेसच्या एक्सचेंजवर लान्स नाईक पोपट असायचा, साताऱ्याचा, तोंडाळ. एकदा सब ठीक झाल्यावर टॉपवरून सखारामभाऊंचा आवाज आला.

"पोपट, लाईन तोडू नको. एक गोष्ट हाय."

"बोला उस्ताद. इथं कुणाला कामाय?"

"एक राज्य व्हतं. त्याची राजधानी कड्यावर. नाव कडेपाटण. आन ते बंदर व्हतं."

"उस्ताद, बंदर समुद्राला लागून असतं. खाली."

"हे वर व्हतं."

"मग जहाजं काय उडत जायची?"

"ओढून घ्यायचे. मोटंनं."

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळलं. कड्याच्या माथ्यावर चाळीस बैलजोड्या. लांबलचक धाव. बैल धावेवरून उतरायला लागले की दोर ताणायचा आणि खालून जहाज पाणी निथळत वर यायचं. शिडांसकट. माथ्यावर दगडी कुंड, त्यात ते तरंगायचं. वर बाजार, चढती गल्ली, राणीचा वाडा. घरांच्या मागच्या दारातून खाली बघितलं तर समुद्र इतका खोल की लाटेचा आवाज पोचायला जेवण होऊन जायचं.

राज्य इतकं उंच का, असं कुणीतरी विचारलं. सखारामभाऊ म्हणाले, "पाण्यानं वर यायचं म्हटलं तरी त्याला परवानगी मागावी लागती."

त्या दिवसापासून रोज सब ठीकनंतर वीस मिनिटं कडेपाटण. मेजर साहेब तामिळ, पण आमच्या पलटणीत राहून मराठी चांगलं बोलायचे. तेही आपल्या बंकरात हँडसेट कानाला लावायचे, हे आम्हाला माहीत होतं. एकदा जेवण घेऊन गेलो तर म्हणाले, "लांगरी, जहाज किती वर आलं? मी काल सिग्नल लिहीत होतो." त्यांनी हे चालू दिलं त्याला आणखी एक कारणही होतं. वीस मिनिटं चारही पोस्टांवरची माणसं हसताना, शिव्या घालताना ऐकू यायची. कोण गप्प झालाय तेही कळायचं. एका जवानाच्या घरून वाईट पत्र आलेलं असंच कळलं होतं.

जानेवारीत कडेपाटणच्या वेशीवर एक रांजण आला. मला लई आनंद झाला. मी सांगितल्याला दोन-अडीच महिने झाले होते, एवढा उशीर का लागला याचं नवल वाटलं, पण आला. त्यात नाणी पडत नव्हती. राजधानीत येणाऱ्यानं आपल्या गावची मूठभर माती त्यात टाकायची, मगच आत. आणि त्याच आठवड्यात एक म्हातारा नावाडी आला, ज्याचं गाव समुद्रात बुडालं होतं. त्याच्याकडं माती नव्हती. त्याचं जहाज अर्ध्यावर ओढलं गेलं आणि राणीनं बैल थांबवले.

ते जहाज जानेवारीपासून मार्चपर्यंत कड्याच्या मध्यावर लटकत राहिलं. आमची डोकी फिरली.

"कुणाच्या पण बांधावरची टाक म्हणावं," पोपट म्हणाला. "कोण बघतंय?"

"रांजणाला कळतं."

"मग राणीला सांगा, नियम बदल."

"राणी फौजेतली असंल," खालच्या पोस्टवरून कुणीतरी बोललं. त्यावर मेजर साहेबांचं खोकणं लाईनीवर ऐकू आलं आणि सगळे गप्प.

मी हसत नव्हतो. मला त्या म्हाताऱ्याची खरोखर काळजी लागली होती. दोर कुजेल, बैल थकतील असं वाटायचं. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला वेशीवर थांबवलं की कसं वाटतं ते मला ठाऊक होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सखारामभाऊंची रजा मंजूर झाली. दोन महिने. ते परत येईपर्यंत पलटण खाली उतरणार होती आणि सगळे पांगणार होते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी साडेपाचला शेवट सांगतो, असं त्यांनी कबूल केलं. त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडला आणि लाईन तुटली. सब ठीक रेडिओवर घेतला. रेडिओवर गोष्ट सांगता येत नाही.

पहाटे आभाळ साफ झालं. पोपट एक सोबती घेऊन गेला आणि नाल्याच्या अलीकडं तुटलेली लाईन जोडून सात वाजता परत आला. आमच्या लांगरात एक रीत होती. रजेवर जाणारा बेसला पोचला की त्याला शिरा. मी रवा भाजायला घेतला होता. सात वीसला पातेलं उतरवून मी एक्सचेंजमध्ये गेलो आणि पोपटला म्हणालो, टॉप लाव.

सखारामभाऊच आले. "काय रं? निघतोय. पाठीला पिट्टू बांधलाय."

"भाऊ, शेवट राहिला."

"खाली येतोय ना. तुझा शिरा खाता खाता सांगतो."

"तुमी याल तवर गाडी उभी असंल. आन बाकीच्या पोस्टा? त्यांना कोण सांगणार?"

हे बोललो आणि लाईनीवर हँडसेट उचलल्याचे आवाज आले. खट, खट. "हो उस्ताद, सांगूनच जा." "दोन महिने टांगलंय त्याला." "पाच मिन्टाचं काम." सगळ्यांनी गलका केला. पण पहिला शब्द माझा होता.

टॉपवरून, भाऊंच्या मागून एक आवाज आला. "उस्ताद, साडेसात झाले."

तो शिपाई अंकुश. बावीस वर्षांचा, आमच्याच जुन्नर तालुक्यातला, ओतूरच्या बाजूचा. तोही भाऊंबरोबर खाली येणाऱ्या पेट्रोलमध्ये होता. फौजेत येण्याआधी तो ओतूरला एका मारवाडी शेठच्या कापडदुकानात कामाला होता आणि घड्याळाची सवय तिथून घेऊन आला होता. चार महिन्यांत त्यानं कडेपाटणसाठी एकदाही हँडसेट कानाला लावला नव्हता. त्या वेळात तो बूट वाळवायचा.

"झालंच," सखारामभाऊ म्हणाले. आणि सुरू केलं.

पाच मिनिटांचं ते नव्हतं. त्या दिवशी ते अडखळत होते, मागं जात होते, जुळवत होते. रोज असं नसायचं. मी मनात म्हटलं, घरची ओढ लागलीय. त्यांनी सांगितलं ते असं. राणी वेशीवर येते. म्हाताऱ्याला विचारते, शेवटचं, माती आहे का? तो नाही म्हणतो. राणी दोर तोडायचा हुकूम देणार, एवढ्यात वेशीच्या बाहेरून एकजण पुढं येतो. तो वाड्यासाठी नेमलेला नवा स्वयंपाकी. तो अजून स्वतःच आत गेलेला नाही, त्याची मूठ अजून रांजणात पडलेली नाही. तो म्हणतो, माझ्या गावची माती माझ्या मुठीत आहे. अर्धी याची. राणी म्हणते, अर्ध्या मुठीत कुणालाच प्रवेश नाही. स्वयंपाकी म्हणतो, मग दोघं बाहेर बसू. राणी त्यावर खूप वेळ विचार करते. मग बैलांना हाक घालते.

"उस्ताद, ऊन आलं," अंकुश म्हणाला. "चला."

"आलो. तर जहाज वर आलं. स्वयंपाकी कुठला म्हणून राणीनं विचारलं. तो म्हणाला, घाटघरचा."

लाईनीवर सगळे ओरडले. पोपटनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. सखारामभाऊ म्हणाले, "लांगरी, शिरा गरम ठेव." हँडसेट खाली गेला.

एक्सचेंजच्या रजिस्टरात पोपटनं वेळ लिहिली. टॉपहून पेट्रोल रवाना, ०८१०. नफरी, म्हणजे माणसं, चार.

नऊच्या आत नाला पार होणार होता. नियम मोडत नव्हता. हे मी तेव्हाही मनात मांडलं होतं. म्हणजे मला काळजी वाटली होती, असाच याचा अर्थ होतो.

आठ छप्पनला मी शिऱ्यावर झाकण ठेवत होतो. आधी भांडी वाजली. मग आवाज आला. पोपटनं टेलिफोनचा दांडा फिरवला, लाईन मेलेली. रेडिओ बोलू लागला. त्यावर टॉपचा नंबर वन, बेसचा फोर.

"वन फॉर फोर, अर्जंट. नाला खाली आला. पेट्रोल आत होती. ओव्हर."

मेजर साहेब बंकरातून बिनटोपीचे आले. त्यांनी सेट घेतला. "फोर फॉर वन. किती दिसतात? ओव्हर."

"दोन कडेला आहेत, हलतायत. दोन दिसत नाहीत. ओव्हर."

"कोण दिसत नाहीत?"

थोडा वेळ नुसती खरखर. "पुढचे दोन. नाईक सखाराम. शिपाई अंकुश."

नऊ वाजून वीस मिनिटांनी बेसची पार्टी नाल्यात होती. बेलचे म्हणजे फावडी, बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब सळया म्हणजे प्रोब, दोर. मला थांब म्हणाले, मी थांबलो नाही. आयुष्यात एवढी एकच ऑर्डर मोडली. वर उरलेला बर्फ कधीही आला असता. सुभेदार साहेब एका खडकावर उभे राहून वर बघत होते. एक शिट्टी म्हणजे जिथं आहात तिथून पळा. आम्ही प्रोब खुपसत होतो, अर्धा हात सरकत होतो, परत खुपसत होतो.

दहा चाळीसला लाल दोरीचं टोक दिसलं. नाला ओलांडताना प्रत्येकाच्या कमरेला ती बांधलेली असते, माणूस गाडला तरी दोरी वर यावी म्हणून. ती अंकुशची होती. दीड मीटर खाली तो सापडला. डॉक्टरनं अर्धा तास प्रयत्न केला. सखारामभाऊंची दोरी वर आली नव्हती. ते प्रोबला लागले, दुपारी तीन चाळीसला. प्रोब माझ्या शेजारच्याच्या हातात होता. तो म्हणाला, "इथं मऊ लागतंय." आणि खाली बसला.

साडेचारला सगळे बेसला परतलो. वीस-बावीस माणसं, सकाळपासून उपाशी. लांगरात तयार एकच गोष्ट होती. सुभेदार साहेब म्हणाले, "वाढ." मी शिरा वाढला. गार झाला होता. सगळ्यांनी खाल्ला. कुणी टाकला नाही.

पुढच्या महिन्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. दुसऱ्या पलटणीचे साहेब आले. पेट्रोल साडेसातऐवजी आठ दहाला का निघाली, हे त्यांनी सगळ्यांना विचारलं. टॉपच्या हवालदारानं सांगितलं, रात्रीच्या बर्फामुळे तयारीला उशीर. बाकीच्यांनी तेच सांगितलं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मलाही बोलावलं.

"सकाळी लाईन चालू होती?"

"होती, साब."

"टॉपशी काही बोलणं?"

"रजेवर येणाऱ्याचा शिरा, साब. तेवढंच."

निकाल आला. नैसर्गिक आपत्ती, नियमांचं उल्लंघन नाही. त्या संध्याकाळी मेजर साहेब लांगरात आले. आत कधी येत नसत. स्टोव्हकडं बघत उभे राहिले. म्हणाले, "लांगरी, हँडसेट माझ्या पण कानाला होता. मी 'निघा' म्हणू शकलो असतो." एवढंच. मग चहा न घेता गेले.

मे महिन्यात मला रजा मिळाली. घाटघरला एक दिवस राहिलो आणि निघालो. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, तिथून वर जीपनं. सखारामभाऊंची वस्ती उतारावर होती. खाली धरणाचं पाणी आटून दूर गेलं होतं.

वहिनींनी पाणी दिलं. सातवीत गेलेली मुलगी, सुमन, दाराला टेकून उभी होती. मी घाटघरचा म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "रांजणवालं काका का?"

"तुला कसं ठाऊक?"

"अप्पांनी पत्रात लिव्हलं व्हतं. मग मी घातला गोष्टीत."

मला काही उमगेना. वहिनी म्हणाल्या, "हिचीच हाय ती गोष्ट. दर पंधरा दिसाला हिकडनं लिहून पाठवायची. ते तिथं तुमाला सांगायचे म्हनं. आमाला वाटलं तुमाला ठाऊक असंल."

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. कडेपाटण, मोट, राणी, लटकलेलं जहाज, सगळं या पोरीनं अंतर्देशीय पत्रांवर लिहिलेलं. तिचं शेवटचं पत्र वाटेत अडकलं होतं. सामानाबरोबर ते न फोडता घरी परत आलं होतं. म्हणजे त्या सकाळी सखारामभाऊंकडं शेवटच नव्हता. आम्ही मागितला म्हणून त्यांनी उभ्या उभ्या तो बनवला. म्हणून अडखळत होते. म्हणून चाळीस मिनिटं.

मी दोघींना सगळं सांगितलं. सात वीस, शिरा, पहिला शब्द कुणाचा. सांगताना उंबऱ्याकडं बघत होतो. वहिनींनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "गोष्ट सुरू केल्यावर त्यांना थांबवनारं कुनी जन्मलं न्हाई. माझ्या किती भाकरी करपल्यात." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सुमननं विचारलं, "अप्पांनी काय शेवट सांगितला?"

मी सांगितला. तिनं नीट ऐकला. "असा न्हाई," ती म्हणाली. "माझ्यात नावाडी उन्हाळ्यापत्तर थांबतो. उन्हाळ्यात पानी खाली जातं. मग गाव उघडं पडतं आन तो माती घिऊन येतो. त्यात काय आवघड न्हाई." ती खाली आटलेल्या पाण्याकडं बघत होती. तिथं जुन्या गावाची जोती दिसत होती. जरा वेळानं म्हणाली, "पन अप्पांचा बी चालंल."

त्या घरी मी पुढं दरवर्षी गेलो. सुमन शिकली, शिक्षिका झाली. तिथं मला क्षमा मिळाली होती. त्या घरानं गोष्ट केली होती, आणि गोष्टीला वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं.

अंकुशच्या घरी मी गेलो नाही. ओतूर माझ्या गावापासून फार लांब नाही. दर रजेत जायचं ठरवायचो आणि जुन्नरच्या स्टँडवर दुसऱ्याच गाडीत बसायचो. त्याचं काय सांगणार होतो? त्याला गोष्टीत रस नव्हता. तो पिट्टू पाठीला लावून दारात उभा होता आणि वेळ सांगत होता. आम्ही सगळ्यांनी मिळून सखारामभाऊंसाठी रडून घेतलं. अंकुशचं नाव कायम त्यांच्या मागून यायचं, "आणि अंकुश" असं.

पेन्शन झाल्यावर मला इकडं गुजरातेत, एका बंदराजवळच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये काम लागलं. घर लांब आहे, पण काम आहे, तक्रार नाही. इथला समुद्र सपाट आहे. जहाजं आपोआप धक्क्याला लागतात. इथं येण्याआधीच्या आठवड्यात मी ओतूरला उतरलो. दुपारचे दोन वाजले होते. पेठेत कापडदुकान विचारलं. शेठ म्हातारे झाले होते.

"अंकुश? आमच्याकडेच होता तो," ते म्हणाले. "आठची वेळ होती ना, सात एकोणसाठला कुलूप काढायचा. मी पण घड्याळ त्याच्यावर लावायचो." त्यांनी एका माणसाला बरोबर दिलं, घर दाखवायला.

वडील वारले होते. आई एकटी, ओट्यावर सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली.

"तू तिथं व्हतास?"

"खाली व्हतो, मावशी. लांगरी व्हतो."

"म्हंजी तूच जेवू घालायचास त्याला."

"हो."

"काय खायचा?"

"कांदा लई मागायचा. आन पुरी कडक."

ती थोडी हसली. "बारीक व्हता तवापास्नं." मग हात थांबवून म्हणाली, "शेवटचं काय बोलला, कुनी ऐकलं का?"

"मी ऐकलं. फोनवर. म्हणाला, ऊन आलं. चला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत जो प्रश्न ना इन्क्वायरीत नीट विचारला गेला ना सखारामभाऊंच्या घरी, तो तिनं विचारला.

"मग निघाला का न्हाई तुमी?"

"आमी गोष्ट ऐकत व्हतो, मावशी. मीच सांगायला लावली. त्याच्या वरिष्ठाला. अंकुशनं दोनदा वेळ सांगितली."

"कसली गोष्ट?"

मी सांगितली. कड्यावरची राजधानी, बैलजोड्या, रांजण, लटकलेलं जहाज. सगळी सांगितली, पहिल्यापासून. अर्धवट सांगून मोकळं होण्याची माझी हिंमत नव्हती. दोन्ही शेवट सांगितले. ती लसूण सोलत राहिली. माझं संपलं तेव्हा सूप भरलं होतं.

"गोष्ट बरी हाय," ती म्हणाली. "आमच्या अंकुशला गोष्टी न्हाई आवडायच्या. म्हनायचा, आई, तू पाल्हाळ लावतीस, लवकर सांग."

तिनं माफ केलं का नाही, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. ती उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली. मी पीत असताना उन्हाकडं बघून म्हणाली,

"जुन्नरची गाडी साडेपाचची हाय. ऊठ. हितं बसून उशीर करू नको."

मी उठलो. पाच वीसला स्टँडवर होतो.

शिपाई अंकुश. नाईक सखाराम. आठ छप्पन.